कन्सोल, संगणक आणि तालुक्याचे गाव



टीव्हीला जोडून खेळावयाची जी नवी यंत्रे कन्सोल या नावाने बाजारात आली आहेत, ती संगणकावरील खेळांना मागे टाकतील काय, या प्रश्नाचा खल मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींत मोठ्या हिरिरीने चाललेला असतो. आणि उभय पक्षांचे वकील आपापल्या यंत्राची शक्ती, चित्राची सूक्ष्मता आणि सेकंदागणिक पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या अशा आवेशाने पुकारतात, की खेळणाऱ्याचे घर, त्या घरची वीज आणि घरच्या कर्त्याचा खिसा या तीन गोष्टींकडे वळण्यास त्यांना सवडच उरत नाही. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील आणि कर्नाटकाच्या सरहद्दीजवळच्या आमच्या उमरग्यात मात्र हा दावा याच तीन मुद्द्यांवर चालतो, आणि निकालही त्यांवरच लागतो.

आमच्या मुलखात आधी आला तो कन्सोलच, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. अमेरिकेत १९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ओडिसी नावाचे पहिले घरगुती खेळयंत्र विक्रीस आणले, आणि १९८३ साली जपानात निन्टेंडोने फॅमिकॉम काढले. या फॅमिकॉमच्या असंख्य नकला, कोणाचा परवाना न घेता केलेल्या, नव्वदीच्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ या एकाच नावाखाली मोठ्या शहरांच्या बाजारांतून तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपल्या. आणि ज्यांची ऐपत ती पेटी विकत घेण्याची नव्हती, ती मुले तासाच्या हिशेबाने भाडे मोजून खेळत. टीव्हीच्या पाठीमागच्या अँटेनाच्या छिद्रात तार खुपसावी, चॅनेलचे बटण अगदी सावकाश फिरवावे, आणि पडद्यावरच्या मुंग्या ओसरता ओसरता मारिओ दिसू लागावा, असा तो विधी होता. हातात धरावयाच्या बटणांच्या पट्टीला सर्व मुले ‘रिमोट’ म्हणत, जरी ती वायरीने पेटीला जखडलेली असे. कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याची जाहिरात छापलेली असे. प्रत्यक्षात मोजके काही खेळ संपले की तेच खेळ नव्या क्रमांकाने पुन्हा हजेरी लावीत. चित्र फाटले की कॅसेट उपसून तिच्या तळाशी फुंकर मारण्याचा उपचार सर्वमान्य होता. वस्तुतः गुण यावयाचा तो कॅसेट पुन्हा नीट बसवल्याने. फुंकरीतील ओलावा आतल्या धातूच्या पट्ट्यांना अपायच करीत असे. पण रिमोट दोन असत, आणि कॉन्ट्रा खेळताना एकाचा जीव गेला की रिमोट पुढच्याच्या हाती द्यावा, हा कायदा कोणी लिहून न ठेवता सारी आळी पाळीत असे.

या पेटीला गावातून घालवले ते दुसऱ्या कोणत्या खेळयंत्राने नव्हे, तर शिक्षणाने. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला, सरकारी नोकरीच्या अर्जासोबत त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, आणि संगणक ही चैनीची चीज न राहता निकडीची बाब होऊन बसली. ज्या गृहस्थाने व्हिडिओ गेमसाठी पाचशे रुपये देताना मुलाला वर्षभर झुलवले असते, तोच गृहस्थ ‘पोरगं शिकंल’ एवढ्या एका वाक्यावर वीस-पंचवीस हजारांच्या संगणकाचे हप्ते बिनतक्रार भरू लागला. पोरगे शिकलेही, परंतु वडील कचेरीत गेले की एक्सेलच्या तक्त्याआड रोड रॅश हा खेळ दबा धरून बसलेला असे, पुढे त्याच्या जागी व्हाइस सिटी आली, आणि भारनियमनाचे तास चुकवून सायबर कॅफे उघडला की चार संगणकांवर चार मुले काउंटर-स्ट्राइकच्या बंदुका घेऊन एकमेकांवर तुटून पडत. संगणकाचा विजय झाला तो हा असा, अभ्यासाच्या पांघरुणाखाली. कन्सोलला असले पांघरूण कोठून मिळणार? संगणक हा औताला, गाडीला आणि मळणीलाही जुंपावयाचा बैल आहे; कन्सोल हा शंकरपटाचा बैल. शर्यतीत तो हटकून पुढे जाईल, पण वर्षाचे तीनशे दिवस त्याला दावणीला बांधून नुसती पेंड चारण्याची ऐपत किती घरांत असते?

आता दाम. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांस विक्रीला आले. आजवरच्या रिवाजाप्रमाणे कन्सोल जुना होत जाई तसा स्वस्त होई. येथे झाले उलटे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच यंत्राचा भाव ५४,९९० झाला. तेव्हा त्यावरचा नवा खेळ ४,९९९ रुपयांपर्यंत जाई, म्हणजे असे अकरा खेळ घेतले की यंत्राची किंमत दुसऱ्यांदा मोजून होई. या व्यापाराची मेखच ही आहे, की कंपन्या मूळ यंत्रावर नफा बेताचाच घेतात, प्रसंगी खोटही सोसतात, आणि मग त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातून सुमारे तीस टक्क्यांची जकात वसूल करीत राहतात. संगणकावरही स्टीमसारखे इंटरनेटवरील दुकान आपला वाटा घेतेच. पण तेथे दुकाने अनेक, सवलतीचे बाजार वारंवार, आणि दहा वर्षांपूर्वीचा खेळ शंभर-दोनशे रुपयांत घेऊन जुन्याच यंत्रावर चालवण्याची मुभा. न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की तबकडीचा कन्सोल असेल तर खेळ संपल्यावर तबकडी दुसऱ्यास विकता येते, जे स्टीमवर घेतलेल्या खेळाचे करता येत नाही. आणि २०२१ च्या सुमारास आभासी चलन खोदणाऱ्यांनी ग्राफिक कार्डांचे भाव दुपटीवर नेले, तेव्हा कन्सोल घेणारा शहाणा ठरला होता. खेळ रचणाऱ्यालाही कन्सोल सोयीचा, कारण समोरचे यंत्र नेमके कोणते, हे त्याला आधीच ठाऊक असते.

पण या तंट्यातील दोन्ही पक्ष आतून एकच होत चालले आहेत. प्लेस्टेशन ४ पासून सोनीच्या यंत्रात जो एएमडीचा प्रोसेसर बसतो, तो संगणकाच्याच कुळातला आहे. केवळ आपल्याच यंत्रासाठी राखून ठेवलेले खेळ सोनीने पुढे संगणकावरही आणले: होरायझन झीरो डॉन २०२० साली, गॉड ऑफ वॉर २०२२ साली. उलट त्याच २०२२ साली स्टीमवाल्यांनी स्टीम डेक काढून संगणकालाच हातात धरावयाच्या खेळण्याचे रूप दिले.

या सरमिसळीचा आपल्या घरचा दाखला म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने रचलेला ‘राजी’ हा खेळ. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि भोवती राजस्थानी किल्ल्यांच्या धाटणीचे वाडे व बुरूज; परदेशी योद्ध्यांच्या कथा खेळून कंटाळलेल्या मुलांना आपलीशी वाटावी अशी ही योजना आहे. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला तो निन्टेंडो स्विच या यंत्रावर, आणि संगणक, एक्सबॉक्स व प्लेस्टेशन ४ यांवर आला तो ऑक्टोबरात. स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विक्रीस आलेलाच नव्हता. म्हणजे पुण्यात घडलेला खेळ आधी न्यूयॉर्कच्या मुलांच्या हाती पडला, आणि पुण्याच्या मुलांना, उमरग्याच्या तर सोडाच, तो रीतसर मिळण्यासाठी दोन महिने थांबावे लागले. ही गोष्ट मला कन्सोलच्या सर्व गुणदोषांहून अधिक बोलकी वाटते.

दरम्यान तिसऱ्याच दावेदाराने येऊन जमिनीचा कबजा घेतला, हे सांगण्यास लांबण लावण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे इंटरनेट आले आणि खेळ मोबाइलवर गेला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारी हुकमाने पबजी मोबाइल हा खेळ बंद झाला, तेव्हा बसस्थानकाच्या बाकड्यावर माना खाली घालून बसलेली पोरे संगणकाकडेही वळली नाहीत आणि कन्सोलकडेही. त्यांनी दुसरा मोबाइल खेळ उतरवून घेतला, आणि २ जुलै २०२१ रोजी नव्या नावाने जुना परतला तेव्हा पुन्हा त्याच्याकडे गेली.

तेव्हा माझा निवाडा असा, की शहरांत कन्सोलची संख्या वाढेल, पण आमच्या भागात तो संगणकाला मागे टाकणार नाही. आणि संगणकही मोबाइलपुढे आपली पूर्वीची गादी परत मिळवील, असे दिसत नाही. तरीही एका टीव्हीसमोर सख्ख्या-चुलत भावंडांनी दोन रिमोट घेऊन भांडत खेळण्याचे जे सुख आहे, ते कन्सोलइतके कोणीच देत नाही, आणि केवळ त्यासाठी कोणी तो घेणार असेल तर मी त्यास मोडता घालणार नाही. एवढीच विनंती, की सोलापुरास किंवा लातुरास दुकानात उभे राहून यंत्राचा भाव विचाराल, तेव्हा एका खेळाचा भाव किती, तबकडी चालते की नाही, आणि एक खेळ उतरवून घेण्यास इंटरनेट किती जीबी लागेल, हे त्याच दमात विचारून घ्या, आणि मगच पैसे मोजा.