अमेरिकेहून जीपीएस मागवताय? आधी हे ऐका

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय.)

मी उल्हासनगर कॅम्प २ मधून बोलतोय. मध्येच हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, नेहरू चौक जवळ आहे आणि संध्याकाळची वेळ आहे.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. बदलापूरचा एक मुलगा आहे, कॉलेजात शिकतो, ट्रेकिंगचं वेड आहे. तो म्हणाला, "दादा, माझी मावशी न्यू जर्सीला असते. दिवाळीत येतेय. तिकडे सेलमध्ये हातात धरायचं जीपीएस मस्त किमतीत मिळतंय. मागवू का? इकडे चालेल ना?" सोबत त्यानं मॉडेलचा स्क्रीनशॉट पाठवला होता.

तो स्क्रीनशॉट बघून मी दचकलो. का, ते सांगतोच. पण आधी माझ्या घरातली गोष्ट, कारण याच चुकीची छोटी आवृत्ती आम्ही करून बसलोय.

आमच्याकडे "मेड इन यूएसए" हा जुना विनोद आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! त्यामुळे खऱ्या यूएसएची वस्तू घरात आली की आजूबाजूच्या दहा खोल्या बघायला येतात. साल २०१२. माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला आणि बाबांसाठी गाडीत लावायचं जीपीएस घेऊन आला. बाबांचा छोटा टेम्पो होता. इथल्या दुकानांमधली कपाटं, पलंग, सोफे ठाण्याला, पनवेलला, नवी मुंबईला पोचवायचे. रस्ता चुकला की डिझेल जायचं, उशीर झाला की गिऱ्हाईक भाड्यातले पैसे कापायचं. तेव्हा बाबांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यामुळे हा डबा म्हणजे आम्हाला लॉटरीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोच्या काचेला तो चिकटवला. चालू केला. दोन-तीन मिनिटांत सॅटेलाइट सापडली, स्क्रीनवर बाण आला. आम्ही खूश. मग पत्ता टाकायला गेलो. देश विचारला, तर यादीत अमेरिका, कॅनडा, मेक्सिको. राज्य विचारलं, तर पहिलं नाव अलाबामा. मी खाली खाली जात राहिलो, महाराष्ट्र काही येईना. बाबांनी टेम्पो काढला. टेम्पो पुढे, तसा बाणही पुढे. पण बाणाच्या खाली रस्ताच नाही! नुसता रिकामा पडदा आणि त्यावर धावणारा बाण. बाबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्यापेक्षा जास्त हरवलंय."

त्या दिवशी खारघरचा पत्ता त्यांनी नेहमीसारखा पानवाल्याला विचारून शोधला. डबा घरी येऊन शोकेसमध्ये बसला.

आता, डबा खराब होता का? अजिबात नाही. चूक आमच्या समजुतीत होती. आम्हाला वाटायचं, जीपीएस म्हणजे नकाशा. तसं नसतं.

जीपीएस म्हणजे अमेरिकेची सॅटेलाइट्स, जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारी. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक सॅटेलाइट सतत सांगत असतं, "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत." तुमच्या हातातला डबा फक्त ते ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. निदान चार सॅटेलाइट्स ऐकू आली की हिशोब जुळतो: अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ. झालं. सॅटेलाइटचं काम इथे संपलं. त्याला नेहरू चौक माहीत नाही आणि न्यूयॉर्कही माहीत नाही.

हा संदेश जगात सगळीकडे फुकट येतो. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक घालायची, १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. ते बंद झालं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. म्हणजे अमेरिकेत घेतलेला डबा इथे "तुम्ही कुठे आहात" हे बरोबरच सांगणार.

पण "इथून तिथे कसं जायचं" हे सांगायला नकाशा लागतो. तो डब्याच्या मेमरीत असतो आणि कंपनी तो विकते प्रदेशाप्रमाणे. अमेरिकेत विकायच्या डब्यात उत्तर अमेरिकेचा नकाशा, युरोपात युरोपचा. बॉक्सवर "लाइफटाइम मॅप अपडेट" लिहिलेलं असतं ना, तेही त्याच प्रदेशापुरतं. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो, तोही त्या मॉडेलसाठी मिळत असेल तर. शिवाय आपल्याकडे नकाशे बनवण्यावर बरीच वर्षं कडक बंधनं होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम सैल केले, तरी बारीक तपशिलाचा नकाशा बनवायचा हक्क भारतीय कंपन्यांकडेच ठेवला. परदेशी कंपनीनं तो त्यांच्याकडून लायसन्सवर घ्यायचा.

आणि समजा भारताचा नकाशा टाकलात, तरी आपल्या कॅम्पांचं काय? हे शहर मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींमध्ये आले, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं. त्यामुळे आमचे पत्ते आजही बॅरक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, अमक्या दरबाराच्या मागे, असेच. तिकडचा डबा विचारतो घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव. आमच्या कित्येक गल्ल्यांना नावच नाही! म्हणजे पत्ता टाकून जाणं विसरा, जागेवर उभं राहून ती जागा सेव्ह करायची, हाच उपाय.

आता त्या स्क्रीनशॉटकडे येऊ. हा भाग नीट ऐका.

त्या मुलानं जे मॉडेल निवडलं होतं ते नुसतं जीपीएस नव्हतं. त्यात सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायची सोय होती, एसओएस बटण होतं. त्याला वाटलं, ट्रेकला उत्तमच, रेंज नसली तरी घरी कळवता येईल. विचार शंभर टक्के बरोबर. पण भारतात असं उपकरण सरकारच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे.

फरक समजून घ्या. साधं जीपीएस म्हणजे कान, ते फक्त ऐकतं. सॅटेलाइट मेसेंजरला कान आहे आणि तोंडही आहे, ते वरती संदेश पाठवतं. ज्याला तोंड आहे त्याला लायसन्स लागतं. यासाठी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा लावला गेलाय. कायदे जुने असले तरी कारवाई ताजी आहे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी समुद्रात सोडलेल्या "कुबेर" बोटीवर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस सापडलं होतं. त्यामुळे आपल्या यंत्रणा या बाबतीत सावध असणार, हे समजण्यासारखं आहे.

लांब कशाला, गोव्याचं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंना पकडलं. बॅगेत गार्मिनचं इनरीच मिनी होतं. डोंगरात एकटं पळणारी माणसं जिवाच्या सुरक्षिततेसाठी ठेवतात ते. त्यांनी लपवलंही नव्हतं, सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये समोर ठेवलं होतं. तरी पोलीस, कोर्ट, दंड, सगळं झालं. त्याच महिन्यात मोपाच्या विमानतळावर चेक देशाच्या एका प्रवाशाला ताब्यात घेतलं. त्याच्याकडे गार्मिन एज ५४० होतं, जे सायकलवाले हँडलला लावतात. त्याला तर सॅटेलाइटवर बोलणारं तोंडच नाही! म्हणजे तुमचं उपकरण निर्दोष असलं तरी तपासणाऱ्याला ते पटवून द्यायची वेळ येऊ शकते.

आता कल्पना करा. मावशी दिवाळीचा फराळ खायला येतेय, आणि भाच्यानं सांगितलेल्या खेळण्यामुळे विमानतळावर पोलिसांसमोर बसलीय. तिला माहीतही नाही की आपण नेमकं काय आणलंय. मी दचकलो तो यामुळे. मागवणारा घरी असतो, बॅग मात्र दुसऱ्याच्या हातात असते.

मग ओळखायचं कसं? मॉडेलच्या माहितीत "इनरीच", "इरिडियम", "सॅटेलाइट मेसेजिंग" किंवा "सॅटेलाइट एसओएस" असं काही दिसलं की नाही म्हणायचं. गार्मिनच्या हातात धरायच्या मॉडेलांमध्ये शेवटी इंग्रजी "आय" अक्षर असेल, तर बहुतेक वेळा तेच असतं. म्हणजे जीपीएसमॅप ६७ वेगळं आणि ६७आय वेगळं. एका अक्षराचा फरक! आता काही नव्या घड्याळांतही ही सोय येतेय, तेव्हा घड्याळ मागवतानाही वाचा. "मी सबस्क्रिप्शन घेणारच नाही, मग काय?" असं म्हणू नका. गुन्हा वापरण्यापुरता नाही, जवळ ठेवण्याचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मुळात तुम्हाला वेगळं जीपीएस हवंय का?

तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय त्यात जीपीएस आहेच. बऱ्याच फोनमध्ये आपलं नाविकही आहे, इस्रोची स्वतःची यंत्रणा. त्यातलं पहिलं सॅटेलाइट जुलै २०१३ मध्ये गेलं, सातवं एप्रिल २०१६ मध्ये. आणि फोनच्या जीपीएसला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही. रेंज असली तर जागा लवकर सापडते, इतकंच. रेंज गेल्यावर गायब होतो तो नकाशा. म्हणून घरच्या वायफायवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइनची सोय आहे. डोंगरातल्या पायवाटांसाठी ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स बघा. त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असतो, जगभरच्या लोकांनी हातानं भरलेला, फुकट. विमान मोड लावून एकदा शहाड स्टेशनपर्यंत चालत जा आणि बघा, बाण तुमच्याबरोबर येतो की नाही.

मग वेगळा डबा कोणाला? जो खरंच जास्त डोंगर चढतो त्याला. चंदेरीला किंवा भीमाशंकरला पावसात गेलात की ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकत नाही. बॅटरी दुपारपर्यंत संपते, आणि तोच फोन मदतीसाठी लागणार असतो. हातातल्या जीपीएसला बटणं असतात, काही मॉडेल दोन पेन्सिल सेलवर चालतात. ईट्रेक्स २२एक्स सारख्याला कंपनी पंचवीस तास सांगते. सेल संपले तर पायथ्याच्या गावातल्या दुकानातही मिळतात. गाडीसाठी मात्र वेगळं जीपीएस परदेशातून आणण्यात आज काही राम नाही. फोन काचेला लावा, विषय संपला.

तरी मागवायचंच असेल तर चार गोष्टी.

एक, भारताचा नकाशा त्या मॉडेलला मिळतो का आणि मेमरी कार्ड बसतं का. कार्ड बसत असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा नकाशा फुकट टाकता येतो.

दोन, वॉरंटी. ती बऱ्याचदा घेतलेल्या देशापुरती असते. बिघडलं तर परत समुद्रापार पाठवायचा खर्च धरा. मग सेलची किंमत इथल्या किमतीशी लावून बघा. कधीकधी फरक वडापावापुरताच उरतो.

तीन, कस्टम. येणाऱ्या प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत ड्युटी माफ असते. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती. असे आकडे बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी कस्टमच्या वेबसाइटवर बघायला सांगा. आणि ती सूट पाहुण्याच्या सगळ्या सामानावर मिळून असते, एकट्या तुमच्या डब्यासाठी नाही. कुरियरनं "गिफ्ट" लिहून पाठवलं तरी ड्युटी चुकत नाही.

चार, आणणाऱ्याला नीट सांगा की हे काय आहे. बॉक्स, बिल आणि माहितीपत्रक सोबत असू द्या, म्हणजे विचारलं तर "हे फक्त ऐकतं, पाठवत नाही" हे दाखवता येईल.

त्या मुलाला मी फोन केला. त्यानं मावशीला तेव्हाच सांगून ऑर्डर रद्द केली. तो जरा हिरमुसला. म्हणाला, "पण दादा, अडकलो तर घरी कसं कळवायचं?" प्रश्न खरा आहे आणि त्याला डब्यासारखं सोपं उत्तर नाही. जाण्याआधी वाट आणि परतायची वेळ घरी लिहून द्या. पायथ्याच्या गावात सांगून चढा. एकटे जाऊ नका. रेंजचा एखादा दांडा मिळाला तर ११२ लावा आणि फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. ते वाचायचे कसे, हे मात्र घरी बसून आधी शिका.

आणि आमचा शोकेसमधला डबा? तीन वर्षांनी मी त्यात कार्ड घालून ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा टाकला. रस्ते दिसायला लागले. बाबांनी मात्र त्याचा उपयोग वेगळाच केला. माल उतरवला की तिथे उभं राहून ते जागा सेव्ह करायचे आणि मला नाव टाकायला सांगायचे: "पिंपळ", "निळं गेट", "कुत्रं आहे". टेम्पो विकून आता बरीच वर्षं झाली. डबा अजून चालू होतो, आणि ती यादी त्यात तशीच आहे.

तुमच्याकडेही बाहेरून आलेली एखादी वस्तू अशी पडून असेल, तर व्हॉइस मेसेज करा. पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटूया!