ही माशी कुठल्या रकान्यात?

मे महिना आहे. आंब्याच्या सालींवर घोंगावणारी बारीक चिलटं तुम्ही आज सकाळीही हाकलली असतील. त्यांच्याच कुळातली फळमाशी, ड्रोसोफिला. विद्यापीठात जीवशास्त्र कसं शिकावं, हे मला या माशीनं शिकवलं.

१९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांची एक खोली होती. १६ बाय २३ फूट, आठ टेबलं, दुधाच्या बाटल्यांत पाळलेल्या माश्या आणि पिकल्या केळ्यांचा आंबूस वास. तिथे दोन मुलं आली. आपल्या भाषेत सांगायचं तर बी.एस्सी.ची मुलं. आल्फ्रेड स्टर्टेव्हंटनं वडिलांच्या घोड्यांचे रंग पिढ्यान् पिढ्या कसे उतरले, यावर एक टिपण लिहून मॉर्गनना दाखवलं होतं. कॅल्व्हिन ब्रिजेसला ठेवलं होतं बाटल्या धुवायला. एकदा बाटलीच्या जाड काचेतून त्याला एका माशीचे डोळे नेहमीपेक्षा भडक लाल दिसले. भिंग नाही, काही नाही, नुसत्या डोळ्यांनी. मॉर्गननी त्याला संशोधनात घेतलं.

१९११ साली मॉर्गनशी बोलता बोलता स्टर्टेव्हंटच्या मनात आलं की, माळ तुटली तर शेजारचे मणी सहसा एकाच तुकड्यात राहतात, लांबचे वेगळे होतात. जनुकांचंही तसंच असेल, तर दोन गुण किती वेळा वेगळे होतात यावरून त्यांच्यातलं अंतर काढता येईल. आकडे घेऊन तो घरी गेला. कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवला आणि जवळजवळ रात्रभर बसून पाच जनुकांचा क्रम लावला. गुणसूत्राचा जगातला पहिला नकाशा तो! १९१३ साली तो छापून आला. त्या रात्री स्टर्टेव्हंट जेमतेम विशीचा होता.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या प्रश्नाचं उत्तर मॉर्गननाही ठाऊक नव्हतं.

आपल्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठरलेलं असतं. जर्नलमध्ये निष्कर्ष आधी लिहून ठेवायचा आणि निरीक्षणं त्याला जुळवून घ्यायची. विद्यार्थिनी असताना मीही ३:१ यायला हवं म्हणून माझे आकडे ३:१ केले आहेत. जर्नल सर्टिफाय झालं. मी मात्र माझी माशी पाहिलीच नव्हती, याचं दुःख मला आजही आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला चौथं वर्ष आलं, त्यात संशोधन आलं. मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांनाच ते दार उघडतं, हे मला पटत नाही. बाटल्या धुणाऱ्या मुलाची नजर गुणपत्रिकेत कुठे दिसते? आणि चौथ्या वर्षापर्यंत थांबायचं तरी का? फळमाशीला लागतं काय? रवा, गूळ, अगर, थोडं यीस्ट. सांज्यासारखं शिजवायचं, बाटलीत ओतायचं, बुरशी लागू नये म्हणून चार थेंब आम्लाचे, तोंडाला कापसाचा बोळा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी हजर.

आमच्या द्वितीय वर्षाच्या एका मुलीनं पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर एकत्र ठेवले होते. नियमानं सगळ्या मुली लाल, सगळे मुलगे पांढरे. ईथरनं गुंगवलेल्या माश्या ती ब्रशनं एकेक सरकवत मोजत होती. दुपारची वेळ, पंखा बंद, माश्या उडू नयेत म्हणून. मध्येच थांबली. "मॅडम, ही मादी आहे, पण डोळे पांढरे आहेत. ही कुठल्या रकान्यात लिहू?"

अशाच, रकान्यात न बसणाऱ्या माश्यांचा ब्रिजेसनं पिच्छा पुरवला होता. आईची दोन्ही एक्स गुणसूत्रं कधीतरी वेगळी न होता एकाच अंड्यात जातात, हे त्यानं दाखवलं. जनुकं गुणसूत्रांवरच असतात याचा तो पुरावा ठरला. 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या १९१६च्या पहिल्या अंकातला पहिला लेख त्याचाच.

पण आमची माशी तशीच होती, की बाहेरून बाटलीत शिरलेली? मलाही सांगता येईना. मी तिला म्हणाले, "नवा रकाना आख." बाहेरची असेल तर तिची पिल्लं नियमानं निघतील, नसेल तर त्यांत पुन्हा अपवाद दिसतील. माशी शुद्धीवर आल्यावर तिनं ती एका लाल डोळ्यांच्या नरासोबत वेगळ्या बाटलीत सोडली, चिठ्ठीवर तारीख घातली. दहाव्या दिवशी रविवार होता. मी पोचले तेव्हा ती प्रयोगशाळेच्या पायरीवर किल्लीची वाट बघत बसली होती.