माडाखालचा खड्डा

आम्ही परळ-लालबागच्या चाळीतल्या बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर नाहीतर सासर कोकणात. त्यामुळे चाळीच्या अंगणातला एकुलता एक माड सगळ्यांचाच लाडका. आज सांगतोय ती आमचीच चूक.

गणपतीनंतर निर्माल्याचं खत करायचं ठरलं. सोयीचा म्हणून खड्डा माडाखालीच खणला. माघात उकरलं तर आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या. डोकं तपकिरी, अंग कोयरीसारखं वळलेलं. आम्हाला वाटलं, गांडुळासारखा हाही कामाचा जीव असेल. तशाच राहू दिल्या.

पावसाळ्यात जिन्यातल्या दिव्यावर काळे भुंगे आपटू लागले. माडाची नवी झावळी उलगडली, ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. गावाहून आलेल्या एका काकूंनी बघताक्षणी ओळखलं, "अगं, हा गेंड्या भुंगा! तुम्हीच पोसलात की!"

हा भुंगा दीड-दोन इंच लांब, काळा, चकचकीत. डोक्यावर गेंड्यासारखं मागे वळलेलं शिंग. नराचं मोठं, मादीचं आखूड. अंडी घालतो कुजलेल्या खतात, पण खातो माडाचा कोवळा शेंडा. माडाला शेंडा एकच. तो मेला की माड गेला. शिवाय त्या जखमेतून सोंड्या भुंगाही आत शिरतो.

हा मूळचा भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातला. १९०९ साली श्रीलंकेहून गेलेल्या रबराच्या रोपांबरोबर तो दूर सामोआ बेटावर पोचला. २००७ मध्ये गुआमला, २०१३ मध्ये हवाईला सापडला. म्हणून शेणखत किंवा रोपं दुसऱ्या गावाहून आणलीत तर आधी उकरून बघा.

आम्ही काय केलं? खत उपसून अळ्या वेचून मारल्या. गावाकडे कोंबड्यांपुढे टाकल्या तरी चालतील. माडावर चढणाऱ्या दादांना बोलावलं. शेंड्याजवळच्या भोकातून चोथा बाहेर आला होता; तिथे तारेचा आकडा घालून त्यांनी भुंगे ओढून काढले. मग पाव किलो निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू एकत्र करून वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात भरली. कुजका ओंडका अंगणात ठेवला नाही. तुमच्याकडे माड जास्त असतील, तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्या.

खत करणं आम्ही सोडलं नाही. खड्डा आता माडापासून लांब आहे. पण भुंगा उडत येतो, नुसतं लांब जाऊन भागत नाही. म्हणून महिन्याच्या सभेला हप्ते गोळा झाले की सगळ्या मिळून खत खालीवर करतो.

नारळ, खराटे, काथ्या यांवर तुमच्यापैकी कितीजणींचं घर चालतं. तेव्हा पुढच्या सभेला वहीबरोबर एक फावडंही घेऊन या.