एक सूर, दोन गळे

पांढरी एक या पट्टीत गाणारा पुरुष आपल्या तार षड्जावर जाऊन क्षणभर ठरला, की बैठकीतल्या माना डोलू लागतात. आता अशी कल्पना करा, की त्याच्याही वर आणखी एक अख्खे सप्तक चढून त्याला पुढचा षड्ज लावावयाचा आहे. सेकंदाला सुमारे ५२३ कंपनांचा हा सूर. समोर ध्वनिक्षेपक नाही, पुढ्यात वाद्यांचा मोठा ताफा वाजतो आहे, आणि आवाज तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. युरोपातल्या ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, चढ्या आवाजाच्या पुरुष गायकाला टेनर म्हणतात. त्याची परीक्षा या सुरावर होते.

हा सूर लावण्याचे मार्ग दोन, आणि त्यांच्यापायी एका थोर गायकाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१८२९ साली पॅरिसमध्ये रोसिनीचा ‘गिय्योम तेल’ हा ऑपेरा रंगभूमीवर आला. त्यातला आर्नोल्ड हा स्विस तरुण, बापाची हत्या झाल्यावर, ओसाड पडलेल्या घरापाशी येतो, शोक करतो आणि मग सोबत्यांना लढ्यासाठी हाक देतो. त्या हाकेत हा सूर येतो. पहिला आर्नोल्ड होता आदोल्फ नुरी. सूर वर गेला की तो आवाज हलका करी. आपले गवई ज्याला चोरटा आवाज म्हणतात, त्याच्याच जवळची ही तऱ्हा. पण चोरटा म्हणून तिला हिणवू नका. त्यात स्वरतंतू पातळ होतात, त्यांच्या कडाच तेवढ्या कंप पावतात, आणि सूर रेशमासारखा निघतो. त्या काळी हीच रीत सभ्य मानली जाई.

पुढे १८३७ च्या एप्रिलमध्ये जिल्बेर द्युप्रे इटलीहून परतला आणि त्याच भूमिकेत उभा राहिला. त्याने तोच सूर भरदार, खुल्या आवाजात लावला. याला तिकडे ‘छातीचा आवाज’ म्हणतात. आवाज काही छातीतून निघत नाही, गायकाला कंप तिथे जाणवतो इतकेच. प्रेक्षक वेडे झाले. रोसिनीला मात्र तो सूर रुचला नाही. सुरीखाली मान गेलेला कोंबडा असाच ओरडतो, असे तो म्हणाल्याचे सांगतात.

हे जमते कसे? नुसत्या जोराने नव्हे. जोराने गळा फाटेल. (शाळेत प्रार्थनेची पट्टी चढी धरली की तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची काय गत होते, हे शिक्षकबंधूंना ठाऊक आहे.) टेनर वर जाताना कंठ वर चढू देत नाही, श्वास आवरून सोडतो, आणि ‘आ’ किंचित ‘ऑ’कडे झुकवतो. त्याने आवाजाला गडद झाक येते. १८४० साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी यावर निबंधच लिहिला. शिवाय कसलेल्या गळ्यात तीन हजार कंपनांच्या आसपास एक विशेष तेज असते. वाद्यांचा जोर तिथे ओसरलेला असतो, म्हणून आवाज त्यांच्यातून पार होतो.

आता नुरीचे ऐका. द्युप्रेला नेमल्यावर त्याने पॅरिसच्या ऑपेरातली जागा सोडली आणि पुढे नवी रीत शिकायला तो इटलीत दोनिझेत्तीकडे गेला. पस्तिशी उलटलेली, नाव झालेले, आणि पुन्हा शिष्य! या खटपटीत त्याचे हलके, मुलायम सूरही हातचे गेले. १८३९ च्या मार्चमध्ये नेपल्स येथे त्याने आपल्या हाताने आयुष्य संपवले. वय अवघे ३७. आजारपण आणि खिन्नताही त्यात होती, सगळा दोष एका सुराला देता येणार नाही. द्युप्रेचा आवाजही फार टिकला नाही; पुढे तो शिक्षक म्हणून नावाजला.

जग मात्र द्युप्रेच्याच वाटेने गेले. दोनिझेत्तीच्या ‘ला फीय द्यु रेजिमाँ’ या ऑपेरात एका गाण्यात हा सूर नऊ वेळा येतो. १९७२ साली न्यूयॉर्कला लुचानो पाव्हारोत्तीने ते नऊही पूर्ण आवाजात लावले आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. २००७ साली मिलानमध्ये पेरू देशाच्या ह्वान दिएगो फ्लोरेसला तेच गाणे वन्समोअर म्हणून पुन्हा गावे लागले. त्या नाट्यगृहात कित्येक दशके असे घडले नव्हते. पाव्हारोत्तीचा सूर रुंद आणि झळझळीत, फ्लोरेसचा बारीक, सुईसारखा नेमका. माझा कल, खरे सांगायचे तर, दुसऱ्याकडे आहे.

दोघांच्याही ध्वनिमुद्रिका मिळतात. ऐकाल तेव्हा सुराच्या उंचीकडे नव्हे, त्या ‘आ’कडे कान द्या. तो कुठे ‘ऑ’ होऊ लागतो, ते पकडा.