गच्चीवरची देवयानी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात आजवर मी पापड लाटले, भोंडल्याचा फेर धरला, पण भाषण कधी केले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून होणार नाही. पण गेली दोन वर्षे आमच्या गच्चीवर रात्री काय चालते, असे पुष्कळजणींनी मला विचारले आहे. "लग्नाची मुलगी रात्री बारा-बारापर्यंत गच्चीवर काय करते?" असेही एक-दोघींनी काळजीने विचारले. त्याचे उत्तर एकदा सगळ्यांसमोर द्यावे, म्हणून आज उभी राहिले आहे.

माझी मुलगी दीर्घिकांचे फोटो काढते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे अफाट गाव. आपली आकाशगंगा हे असे एक गाव आणि देवयानी हे शेजारचे. शेजार म्हणायचा एवढेच, कारण तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. तो उजेड इतका मंद, की एका टिचकीत फोटो निघत नाही. एकेक मिनिटाचे शंभर-दीडशे फोटो काढायचे आणि मग ते संगणकावर एकावर एक बसवायचे. रात्र जाते ती अशी. आणि मुलगी एकटी नसते. शेजारी शाल पांघरून मी बसलेली असते.

सोबत म्हणून बसता बसता मीही थोडे शिकले. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, चार मिनिटांत एक अंश, म्हणजे दोन चंद्र शेजारी ठेवले तर होतील तेवढे. कॅमेरा स्थिर ठेवला तर ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. म्हणून दुर्बीण मोटारीच्या बैठकीवर बसवतात आणि ती ताऱ्यांच्या चालीने चालते. ही बैठक मला जात्यासारखी वाटते. जात्याचा खुंटा सरळ हवा, तसा हिचा आस ध्रुवाकडे रोखलेला हवा. आपल्या भागात ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंश वर दिसतो. पण तोही अगदी अढळ नाही. ज्या बिंदूभोवती आकाश फिरते, तो ध्रुवापासून एका चंद्राहून थोडा जास्त बाजूला आहे. तेवढा फरक ध्यानात घेऊन खुंटा बसवावा लागतो. नुसती वरखाली आणि डावी-उजवीकडे वळणारी बैठकही मिळते. तिच्यावर मधला तारा मध्येच राहतो, पण बाकीचे चित्र त्याच्याभोवती हळूहळू फिरते आणि कोपऱ्यातले तारे वाकडे उमटतात.

आता खरी गंमत चौकटीची. कुठली दुर्बीण, किती मोठा कॅमेरा, त्यावर चौकटीत किती आकाश मावेल ते ठरते. हा हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे आणि वाणसामानाच्या यादीमागे तो मीच करते. कॅमेऱ्याच्या सेन्सरची लांबी ५७ने गुणायची आणि दुर्बिणीच्या केंद्रांतराने भागायची. आमचा सेन्सर २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद, लहान दुर्बिणीचे केंद्रांतर ४०० मिलिमीटर. म्हणजे चौकट ३.१ अंश लांब आणि २.१ अंश रुंद झाली. देवयानी दीर्घिका सुमारे ३ अंश लांब, सहा चंद्र ओळीने ठेवावेत एवढी! ती आडवी ठेवली तर दोन्ही टोके काठाला चिकटतात. भोवती काळे आकाश उरले नाही, तर दीर्घिका कुठे संपली ते कळत नाही. म्हणून कॅमेरा त्याच्या नळीत थोडा फिरवून तिला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी ठेवायची. मग तिच्या दोन लहान सोबतिणीही मोकळ्या राहतात. आधी दहा सेकंदांचा कच्चा फोटो काढून पाहायचा, मग सरकवायचे. दुसऱ्या रात्री कॅमेरा तसाच तिरपा बसला पाहिजे, नाहीतर कालचे आणि आजचे फोटो जुळून चौकट लहान होते. त्यासाठी मी नळीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे.

देवयानी डोक्यावरून उत्तरेकडे असते, तेव्हाच दक्षिणेला शिल्पकार तारकासमूहात आणखी एक दीर्घिका येते. तिचे नाव एन.जी.सी. २५३. ही लांबीला चंद्राहून थोडी कमी. चारशेच्या दुर्बिणीत ती चौकटीच्या सातव्या हिश्श्याएवढीच दिसते. तिला १००० मिलिमीटरची दुर्बीण बरी.

ही दीर्घिका १७८३ साली एका बाईने शोधली, हे मला फार आवडते. तिचे नाव कॅरोलीन हर्शेल. जर्मनीतल्या हॅनोव्हरची. लहानपणीच्या आजाराने तिची उंची खुंटली आणि आईने तिला घरकामालाच ठेवायचे ठरवले होते. १७७२ साली भाऊ विल्यम तिला इंग्लंडात घेऊन गेला. तो आरसे घासत असे तेव्हा ती त्याला घास भरवी, रात्री तो पाही आणि ती टिपून घेई. भावाने लहान दुर्बीण दिली, तेव्हा स्वतः पाहू लागली. आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला. भावाने सोबत नेले नसते, तर ती भांडीच घासत राहिली असती. भांडी घासण्यात कमीपणा नाही, मीही घासते. पण वर पाहण्याची सवड एकीला मिळाली आणि किती जणींना मिळाली नसेल, हे मनात येते.

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. आपल्या आळीत उजेड फार झाला आहे. गच्चीवरचे, गेटावरचे दिवे रात्रभर जळतात आणि त्यांचा निम्मा उजेड आभाळात जातो. तो फोटोत धुक्यासारखा उतरतो आणि दीर्घिकेच्या कडा गिळतो. आपल्याच महाराष्ट्रात पेंचच्या जंगलाला २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, तो भारतातला पहिला मान. आपण सारी आळी अंधारात ठेवावी असे मी म्हणत नाही. जिन्यातला दिवा हवाच, बायामाणसांना तो लागतो. पण दिव्यावर टोपी घालून उजेड खाली पाडता येतो. आणि कार्तिक अमावास्येला रात्री आठ ते दहा गच्चीवरचे दिवे मालवले, तर दोन्ही दीर्घिका त्या सुमारास ऐन माथ्यावरच्या रेषेत असतात.

दुसरे मागणे असे, की त्या रात्री आपल्या मुली-सुनांना आमच्या गच्चीवर पाठवा, आणि तुम्हीही या. मी चहा करीन. मुलगी रात्री काय करते, ते सांगण्यापेक्षा दाखवणे बरे.