पालघर : राखीव जागा आणि बदललेला मतदार



मतदारसंघाचा इतिहास म्हणजे केवळ जय-पराजयांची जंत्री नव्हे. सीमारेषा कोठून आखली जाते, यावर कोणाचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचणार हे पुष्कळदा अवलंबून असते. पालघर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

२००८ पूर्वी पालघर नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता. डहाणू-जव्हारचा डोंगराळ, जनजातीबहुल मुलूख ‘डहाणू’ या राखीव मतदारसंघात होता. पालघर व वसई हे विधानसभा मतदारसंघ मात्र उत्तर मुंबईला जोडलेले होते. डहाणूने १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम यांना निवडून दिले. १९८० पासून सलग चार वेळा काँग्रेसचे दामोदर शिंगडा विजयी झाले. १९९६ मध्ये भारतीय जनता पक्षाचे चिंतामण वनगा यांनी ही परंपरा खंडित केली. पुढे १९९८ मध्ये काँग्रेसचे शंकर नम, १९९९ मध्ये पुन्हा वनगा आणि २००४ मध्ये पुन्हा शिंगडा, असा सत्तांतराचा क्रम राहिला.

२००१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेने हे चित्र पालटले. डहाणू, विक्रमगड, पालघर व बोईसर हे चार राखीव आणि नालासोपारा व वसई हे दोन खुले विधानसभा मतदारसंघ एकत्र आले. जव्हारच्या पाड्यावरील वारली-कातकरी आणि रोज लोकलने मुंबई गाठणारा नालासोपाऱ्याचा नोकरदार यांचा खासदार एकच झाला.

परिणाम तत्काळ दिसला. २००९ मध्ये वसई पट्ट्यात बळ असलेल्या बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांनी वनगा व शिंगडा या दोघांनाही मागे टाकले. मताधिक्य सुमारे १२ हजारांचे होते. २०१४ मध्ये वनगा यांनी जाधव यांचा सुमारे २ लाख ३९ हजार मतांनी पराभव केला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत राज्याच्या सत्तेतील दोन मित्रपक्ष समोरासमोर आले. काँग्रेसमधून भाजपात आलेले राजेंद्र गावित यांनी शिवसेनेचे श्रीनिवास वनगा यांना सुमारे २९ हजार मतांनी हरविले. २०१९ मध्ये तेच गावित शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आले. २०२४ मध्ये भाजपचे डॉ. हेमंत सवरा यांनी भारती कामडी यांच्यावर सुमारे १ लाख ८३ हजार मतांनी विजय मिळविला.

या आकड्यांतून एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. आरक्षणाने उमेदवारी सुरक्षित होते. प्रश्नांचा अग्रक्रम सुरक्षित होत नाही. उमेदवार जनजातीचाच असतो. परंतु मते मागताना त्याला वसई-नालासोपाऱ्याचे पाणी आणि लोकलची गर्दी टाळता येत नाही. ते प्रश्नही खरेच आहेत. मात्र त्या गलबल्यात मोखाड्याचे कुपोषण, वनहक्काचे दावे आणि वाढवण बंदराबाबत किनाऱ्यावरील मच्छीमारांची चिंता मागे पडता कामा नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही दुर्गम भागापर्यंत शासन पोहोचावे यासाठीच.

८४ व्या घटनादुरुस्तीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी येईपर्यंत लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप गोठलेले आहे. त्यानंतर सीमा पुन्हा आखल्या जातील, तेव्हा केवळ डोकी मोजून भागणार नाही. डोंगरातील विरळ वस्तीचा आवाज शहराच्या संख्येत विरून जाणार नाही, याची दक्षता जागृत समाजालाच घ्यावी लागेल.