३१५ची टीम, शेवटचा नंबर

आज क्रिकेट नाही, बेसबॉल. वर्ष १९३०, टीम फिलाडेल्फिया फिलीज.

या टीमचं बॅटिंग ॲव्हरेज होतं ०.३१५, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३१५ हिट. एरवी एका खेळाडूला ०.३०० जमलं तरी तो भारी समजला जातो, इथे अख्खी टीमच त्याच्या वर. चक क्लाइन ०.३८६, शिवाय ४० होम रन. लेफ्टी ओ'डूल ०.३८३. मग टीम कितवी आली? आठ टीम्समध्ये आठवी! ५२ विजय, १०२ पराभव.

असं कसं? त्यांचं होम ग्राउंड बेकर बोल. उजवीकडची भिंत जेमतेम ८५ मीटरवर. डावखुऱ्या क्लाइनची मजाच. पण ती भिंत पाहुण्यांनाही तेवढीच जवळ होती ना! त्यात फिलीजची पिचिंग कमकुवत. नऊ इनिंग्जमागे ६.७१ धावा पिचर्सच्या नावावर. सीझनभरात ९४४ धावा केल्या आणि ११९९ दिल्या. म्हणजे सामन्याला सहा करायच्या आणि साडेसातच्या वर द्यायच्या.

आणि एक गंमत. त्या वर्षी अख्ख्या नॅशनल लीगचंच ॲव्हरेज ०.३०३ होतं. म्हणजे ०.३१५ मध्ये मोठासा पराक्रम नव्हताच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर डॅशबोर्ड बघतो. तिथेही हेच लागू पडतं. छान आकडा दिसला की दोन गोष्टी विचारा: बाकीच्यांचा किती आहे? आणि दुसऱ्या बाजूने गळतंय किती? क्लाइनने २५० हिट मारले हो, पण गळती त्याच्या बॅटने थांबणार नव्हती.

भेटू पुढच्या भागात!